प्रेअरी डॉगसाठी रायफल: निवड, जुळणी आणि दिवसभराचा मारा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ही नेमबाजी इतर शिकारीपेक्षा वेगळी कशी?

अमेरिकेत वायोमिंग, मोंटाना, साउथ डकोटा या राज्यांच्या गवताळ माळांवर काळ्या शेपटीच्या प्रेअरी डॉगच्या मोठ्या वसाहती असतात. नावात डॉग असला तरी हा खारीच्या कुळातला, बिळात राहणारा प्राणी. गुरांच्या चराईची जमीन तो पोखरतो, म्हणून अनेक रँचमालक नेमबाजांना परवानगी देतात. चांगल्या वसाहतीत एका माणसाच्या दिवसाला २०० ते ५०० गोळ्या सहज जातात. हरणासाठीच्या रायफलीतून वर्षाला जेमतेम दहा-वीस गोळ्या सुटतात आणि त्यातली पहिली थंड नळीतून लागली की काम झालं. इथे रायफलीला तापलेल्या नळीतून, धुळीत, दुपारच्या उन्हात तीनशेवी गोळीसुद्धा पहिलीसारखी लावायची असते. म्हणून निवड करताना वेगाच्या आधी उष्णतेचा विचार करा. खालची बहुतेक उत्तरं शेवटी तिथेच येतात.

लक्ष्य केवढं असतं? अचूकता किती हवी?

मागच्या पायांवर उभा राहिलेला प्राणी १०-१२ इंच उंच दिसतो, रुंदी मात्र ३-४ इंचच. रायफल, गोळी आणि नेमबाज मिळून एका मिनिटाच्या कोनात (अंशाचा साठावा भाग) गोळ्या ठेवत असतील, तर ३०० यार्डांवर छिद्रांचा तो घोळका सुमारे ३ इंचांचा होतो, म्हणजे प्राण्याच्या रुंदीइतकाच. वाऱ्याला त्यात जागाच उरत नाही. त्यामुळे अर्ध्या ते पाऊण मिनिटाचा कोन हे वाजवी उद्दिष्ट. त्याहून बारीक घोळक्यासाठी हजारो डॉलर घालण्यापेक्षा तेच पैसे काडतुसांवर आणि वारा वाचण्याच्या सरावावर खर्च करा.

.२२३ रेमिंग्टन घ्यावी की .२२-२५०?

ही दोन्ही काडतुसांची नावं. पहिली रायफल असेल तर .२२३. गणित सरळ आहे. .२२३ मध्ये साधारण २६ ग्रेन पावडर जळते, .२२-२५० मध्ये ३६ च्या आसपास. नळीचं छिद्र दोन्हींचं एकच, .२२४ इंचाचं. त्याच छिद्रातून जवळजवळ दीडपट गरम वायू जातो तेव्हा नळी लवकर तापते आणि चेंबरपुढचा (काडतूस बसतं त्या जागेपुढचा) घसा लवकर झिजतो. पाउंडात ७,००० ग्रेन असतात. म्हणजे ५०० गोळ्यांना .२२३ ला दोन पाउंडांच्या आत पावडर पुरते, .२२-२५० ला अडीच पाउंडांहून जास्त लागते.

नळीचं आयुष्य जितकं वापरावर तितकंच वापरण्याच्या पद्धतीवर ठरतं. तरी अंदाज म्हणून: .२२३ ची नळी ३,००० ते ५,००० गोळ्या चांगली अचूकता देते. .२२-२५० सलग गरम ठेवून चालवली तर १,५०० च्या पुढे कुरकुरायला लागते, जपून वापरली तर ३,००० पर्यंत जाते.

दुसरा मुद्दा धक्क्याचा, आणि त्याकडे फार जण दुर्लक्ष करतात. गोळी कुठे पडली हे स्वतःच्या स्कोपमधून दिसलं, तर पुढची गोळी लगेच सुधारता येते. जड .२२३ मधून ते दिसतं. .२२-२५० मध्ये बार होताच चित्र उडतं आणि शेजारी दुर्बीण घेऊन कुणीतरी बसावं लागतं.

.२२-२५० ची खरी जागा ३५०-४५० यार्डांच्या पट्ट्यात, वारा असताना. सकाळचे दोन-तीन तास .२२३ चालवा. जवळची बिळं शांत झाली, प्राणी फक्त लांबच दिसू लागले, की ती काढा.

.२०४ रुगरबद्दल काय मत आहे?

उत्तम काडतूस. रुगर आणि हॉर्नेडी यांनी ते २००४ मध्ये आणलं. ३२ ग्रेनची गोळी सेकंदाला चार हजार फुटांच्या वर जाते, धक्का जवळजवळ नाही आणि लागलेली गोळी स्कोपमध्ये दिसते. ४० ग्रेनची हॉर्नेडी व्ही-मॅक्स गोळी घेतली तर तिचा बॅलिस्टिक गुणांक (हवा कापण्याची क्षमता, जास्त तितकी चांगली) ०.२७५ आहे. .२२ च्या ५० ग्रेन व्ही-मॅक्सचा ०.२४२ असतो, म्हणजे हलकी असूनही .२०४ वाऱ्यात सरस ठरते. उणीव एकच: .२२३ इतकी स्वस्त काडतुसं आणि पुंगळ्या मिळत नाहीत, आणि गावातल्या दुकानात तर कधी कधी मुळीच नाहीत. निघण्याआधी पूर्ण साठा जवळ असेल तरच तिच्यावर विसंबा.

.१७ एचएमआर पुरते का?

या छोट्या काडतुसाची रायफल १५० यार्डांपर्यंत पुरते आणि मजाही येते. नळी फारशी तापत नाही, आवाज कमी असतो, जवळचे प्राणी लवकर बुजून बिळात जात नाहीत. पण १७ ग्रेनची गोळी २,५५० फुटांनी निघते आणि वेग पटकन गमावते. ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात २०० यार्डांवर ती सुमारे १५ इंच सरकते. त्या माळांवर १० मैल म्हणजे शांत दिवस. लांबून जखमी करून सोडण्यापेक्षा अंतराची मर्यादा आधीच ठरवा आणि पाळा.

किती रायफली न्याव्यात?

किमान दोन, जमल्यास तीन. एक तापली की बोल्ट उघडा ठेवून सावलीत उभी करायची आणि दुसरी घ्यायची. मध्यम किमतीच्या दोन .२२३ एका महागड्या रायफलीपेक्षा जास्त काम करतात. दोन्ही एकाच काडतुसाच्या असल्या तरी प्रत्येकीची काडतुसं वेगळ्या रंगाच्या डब्यात ठेवा. वेगवेगळ्या काडतुसांच्या असतील तर एका वेळी टेबलावर एकच रायफल आणि तिचाच डबा. चुकीचं काडतूस चेंबरमध्ये जाणं हा दमलेल्या दुपारचा अपघात आहे.

नळी कशी निवडावी?

जाड, २४ ते २६ इंच लांब. जाड नळी हळू तापते, पण निवतेही हळू, हे खरेदीच्या वेळी कुणी सांगत नाही. पातळ नळी आठ-दहा गोळ्यांत नेम बदलू लागते. जाड नळी पंचवीस-तीस गोळ्या सरळ जाते आणि मग अर्धा तास मागते. बाहेरच्या खाचांनी वजन कमी होतं, थंड होण्यात मात्र मोठा फरक पडत नाही. स्टेनलेस आणि क्रोम-मॉली या दोन्ही पोलादांच्या उत्तम नळ्या मिळतात. बहुतेक मॅच नळ्या ४१६आर स्टेनलेसच्या असतात.

रायफलीचं वजन स्कोपसकट साडेचार ते सहा किलो ठेवा. इथे ती गाडीतून टेबलापर्यंतच न्यायची असते, त्यामुळे वजन उपयोगीच पडतं.

आट्यांचा पीळ किती हवा?

आटे म्हणजे नळीच्या आतल्या, गोळीला फिरवणाऱ्या सर्पिल खाचा. ४० ते ५५ ग्रेनच्या गोळ्यांसाठी .२२३ ला १२ इंचांत एक फेरा पुरतो. .२२-२५० च्या जुन्या कारखानी रायफली १४ इंचांत एक फेऱ्याच्या असतात. ९ इंची पीळ सगळ्यात सोयीचा, कारण ४० पासून ६९ ग्रेनपर्यंत बहुतेक गोळ्या त्यातून चालतात.

७ इंची पिळाची नळी घेतली तर पातळ कवचाच्या वार्मिंट (छोट्या उपद्रवी प्राण्यांसाठीच्या) गोळ्यांबाबत सावध राहा. वेगाला (फूट प्रति सेकंद) ७२० ने गुणा आणि पिळाच्या इंचांनी भागा, म्हणजे मिनिटाला किती फेरे ते मिळतात. ३,४०० फुटांची गोळी १२ इंची पिळातून २,०४,००० फेऱ्यांनी फिरते, ७ इंचीतून सुमारे ३,५०,००० फेऱ्यांनी. अशा फिरण्यात पातळ कवच हवेतच फाटतं. लक्षण ओळखू येतं: कागदावर छिद्र कुठेच नाही, आणि गोळीच्या वाटेत राखाडी धुराची रेघ. खडबडीत झिजलेली, तापलेली नळी हा दोष आणखी वाढवते.

तयार रायफल घ्यावी की सुटे भाग घेऊन जुळवावी?

पहिली तयार घ्या. टिक्का टी३एक्स, सॅव्हेज १२, रेमिंग्टन ७०० यांच्या जाड नळीच्या आवृत्त्या डब्यातून काढल्या की कामाला लागतात. जुळवण्याचा विचार नळी झिजल्यावर करा, कारण तेव्हा तुम्हाला नेमकं काय हवं ते कळलेलं असतं.

नळी बदलण्याचा विचार आधीपासूनच असेल तर सॅव्हेजची रचना सोयीची आहे. तिथे नळी नटाने आवळली जाते आणि हेडस्पेस (बंद बोल्टपासून चेंबरमधल्या काडतुसाच्या टेकणीपर्यंतचं अंतर) तपासणारा गेज लावून बसवता येते. रेमिंग्टन ७०० ची मूळ पद्धतीची नळी लेथवर त्या ॲक्शनपुरती (बोल्ट ज्यात सरकतो त्या भागापुरती) बसवून घ्यावी लागते. काम कुणीही केलं तरी तपासणी तीच: ‘गो’ गेजवर बोल्ट मोकळेपणाने बंद झाला पाहिजे, ‘नो-गो’ वर होता कामा नये. ‘नो-गो’ वर बोल्ट बंद होत असेल तर त्या रायफलीतून एकही गोळी सोडू नका, गनस्मिथकडे परत न्या. हेडस्पेस ढिला असला की पुंगळी बुडाजवळ ताणली जाते आणि फुटू शकते.

मॅगझिन हवं की एकेक गोळी भरायची?

टेबलावरून मारताना एकेक गोळी भरणं बरं. हात थोडा थांबतो, नळीला श्वास मिळतो. मॅगझिनच्या जागी सपाट फॉलोअर बसवला की काडतूस त्यावर टाकून बोल्ट पुढे ढकलायचा, झालं.

चाप किती हलका असावा?

दीड ते अडीच पाउंड, म्हणजे ७०० ग्रॅम ते १.१ किलो. त्याहून हलका चाप थंडीत बधिर बोटाला किंवा हातमोज्यातून धोक्याचा आहे. समायोजन केल्यावर रिकामी रायफल कॉक करा, बोल्ट जोरात बंद करा, दस्त्याच्या मागच्या टोकाला रबरी हातोडीने हलकं ठोका. चाप सुटला तर वजन वाढवा. माळावरची बारीक धूळ चापाच्या यंत्रणेत शिरते. तिथे तेल घालू नका, तेलाला धूळ चिकटून चिखल होतो. लायटरच्या इंधनाने धुऊन कोरडी ठेवा.

दस्ता आणि बेडिंग (दस्त्यात ॲक्शन बसवणं)?

पुढचा भाग रुंद आणि खालून सपाट हवा, म्हणजे वाळूच्या पिशवीवर रायफल डुलत नाही. गालाची उंची अशी हवी की मान न ताणता डोळा स्कोपच्या मध्यावर यावा. दिवसभर वाकून मान आखडली की दुपारनंतर चुका सुरू होतात, आणि लोक त्यासाठी नळीला दोष देतात.

नळी दस्त्याला कुठेही टेकता कामा नये. जाडसर कागदाची दुहेरी घडी नळीखालून चेंबरपर्यंत सरकली पाहिजे. थंड असतानाच नव्हे, वीस गोळ्यांनंतरही हे तपासा. ॲल्युमिनियमचे पिलर असतील तर ॲक्शनचे स्क्रू साधारण ६५ इंच-पाउंडांवर आवळा. नुसत्या लाकडावर एवढा ताण देऊ नका, लाकूड दबतं.

स्कोप किती पॉवरचा?

६-२४ किंवा ४-१६. पण चोवीस पॉवर फक्त सकाळी उपयोगी असते. दहानंतर जमिनीवरून उठणारा मिराज (गरम हवेची थरथर) इतका वाढतो की १४-१६ च्या वर चित्र पाण्याखाली असल्यासारखं हलतं. पॅरॅलॅक्स (डोळा हलला की खूण लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसणं) जुळवण्याची चकती अत्यावश्यक, कारण अंतर दर मिनिटाला बदलतं. रेटिकलवर (स्कोपमधल्या नेमाच्या रेघांवर) वाऱ्यासाठी खुणा हव्यात.

तापलेल्या नळीतून उठणारी हवाही स्कोपसमोर नाचते. नळीवर ताणून बसवायची कापडी किंवा प्लास्टिकची पट्टी मिळते, ती मिराज बाजूला वळवते. सप्रेसर (आवाज कमी करणारं नळकांडं) लावत असाल तर त्यालाही आवरण हवंच, तो नळीपेक्षा लवकर तापतो.

२०० यार्डांवर झिरो करा, म्हणजे तिथे नेम आणि गोळी जुळवा. ५० ग्रेन गोळीच्या .२२३ मध्ये ३०० यार्डांवर गोळी सुमारे ६-७ इंच खाली येते, रेटिकलच्या खुणेवर धरून मारता येते.

वाऱ्याचं काय करायचं?

हाच खरा अभ्यास. ५० ग्रेन .२२३ ला ताशी १० मैलांचा आडवा वारा ३०० यार्डांवर १० ते १२ इंच ढकलतो. तुमचा अंदाज फक्त ३ मैलांनी चुकला, तर ३ इंचांहून अधिक चूक होते, म्हणजे प्राण्याची पूर्ण रुंदी. आधी मातीच्या उंचवट्यावर एक गोळी टाका, धूळ कुठे उडाली ते बघा, मगच प्राण्यावर. गवत तुमच्याजवळ एका दिशेने आणि बिळांजवळ दुसऱ्या दिशेने वाकलेलं असेल, तर लक्ष्याजवळचं नाही, तुमच्यापासून अर्ध्या वाटेपर्यंतचं गवत जास्त महत्त्वाचं. सुरुवातीला वळलेली गोळी पुढे वळतच जाते.

ज्यांनी भारतात रेंजवर ५० मीटर .२२ मारली आहे, त्यांना याचा मोठा फायदा होतो. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्य मिळवलं, त्यातही छोटी, हळू गोळी आणि वाऱ्याची निशाणं असाच खेळ असतो. ती नजर इथे जशीच्या तशी कामाला येते.

नळी किती तापली की थांबायचं?

चेंबरच्या पुढे नळीवर बोटं ठेवा. पाच सेकंद धरवत नसेल तर थांबा. याहून सोपा आणि भरवशाचा नियम नाही. थांबलात की बोल्ट उघडा, नळीचं तोंड किंचित वर, म्हणजे हवा आतून चढते. बॅटरीवरचे छोटे पंखे चेंबरमधून हवा फेकतात, त्याने वेळ खूप वाचतो. नळीवर ओला फडका टाकत असाल तर बाहेरूनच. आत पाणी जाऊ देऊ नका.

आणि हे कटाक्षाने पाळा: तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस ठेवून लक्ष्य शोधत बसू नका. पावडर गरम झाली की दाब वाढतो, गोळी वर लागते, प्रायमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टिकली) सपाट होतात. आधी लक्ष्य, मग काडतूस.

एआर-१५ चालेल का?

चालेल. ही आपोआप भरणारी रायफल. चांगल्या नळीची एआर ३०० यार्डांपर्यंत बोल्ट रायफलीच्या बरोबरीने काम करते. अडचण अशी की हात थांबत नाही आणि नळी भाजते. पुंगळ्या गवतात उडतात, त्यासाठी झोळी लावा. रँचमधल्या गुरांच्या चाऱ्यात पितळ सोडून येऊ नका.

काडतुसं विकत घ्यावीत की स्वतः भरावीत?

वर्षाला पाचशेच्या आत लागत असतील तर मोठ्या प्रमाणात मिळणारी वार्मिंट काडतुसं घ्या. त्यापुढे भरणं परवडतं. पावडरचं माप नेहमी चालू अधिकृत पुस्तिकेतून घ्या, सर्वात खालच्या मापापासून सुरू करा. इथे फक्त जास्त संख्येमुळे होणाऱ्या चुका सांगतो.

गोलसर दाण्याची पावडर मापक यंत्रातून सारखी पडते, लांब कांडीची मध्येच अडकते आणि एक पुंगळी कमी, दुसरी जास्त भरते. पण काही गोल पावडरी उन्हात जास्त दाब देतात. मार्चच्या थंडीत कमाल मापावर जुळवलेलं काडतूस जुलैत प्रायमर उडवतं. म्हणून कमालीपासून थोडं खाली राहा आणि डबे गाडीच्या काचेमागे ठेवू नका.

पुंगळीचा खांदा मागे ढकलताना .००२ इंच पुरे. जास्त ढकललात तर तिसऱ्या-चौथ्या वापरात बुडाजवळ चकचकीत कडं दिसतं, ती पुंगळी फेकायची. .२२३ पुंगळीची कमाल लांबी १.७६० इंच, कापून १.७५० वर आणा. लांब राहिलेली मान चेंबरच्या टोकाला चिमटली जाते आणि दाब एकदम चढतो.

साफसफाई कधी करायची?

.२२ आणि .२० ला १०० ते १५० गोळ्यांनी. .१७ सेंटरफायरला त्याहून बरीच लवकर, बारीक छिद्र लवकर बुजतं. बोर गाइड (कांडी सरळ ठेवणारी नळी) आणि अखंड कांडी वापरा. सांध्याच्या कांडीने घसा आणि तोंड दोन्ही ओरखडतात. तांब्यापेक्षा घशातला कडक कार्बन जास्त त्रास देतो. तो साठला की नीट चाललेली काडतुसंही अचानक दाब दाखवतात.

घोळका अचानक मोठा झाला. नळी गेली का?

बहुधा नाही. या क्रमाने पाहा. ॲक्शनचे स्क्रू. स्कोपच्या कड्या आणि बेस. नळी दस्त्याला टेकते का? मग नीट साफ करून, थंड नळीतून, सकाळी पाच गोळ्या. तरीही पसरत असेल तर खात्रीचा दुसरा स्कोप लावा. गोळ्या गरम होत जाताना एकाच दिशेने चढत असतील, तर टेकणारा दस्ता किंवा नळीतला ताण हे कारण.

हे सगळं ठीक असेल तर बोअरस्कोप (नळीच्या आत पाहायचं उपकरण) घाला. घशात सुकलेल्या तळ्यासारख्या भेगा थोड्या असणं नेहमीचं आहे. आटे सुरुवातीलाच पुसट झाले असतील तर नळीचा काळ संपला. लांबी शिल्लक असेल तर गनस्मिथ मागून इंचभर कापून नवीन चेंबर करू शकतो, पण .२२३ साठी बहुतेकदा नवी नळीच परवडते.

कोणती गोळी वापरू नये?

पूर्ण कवचाची, एफएमजे. ती मातीवरून उसळून दूर जाते आणि प्राण्याला जखमी करून सोडते. .२२ लाँग रायफलही खूप उसळते. पातळ कवचाची वार्मिंट गोळी जमिनीवर फुटते, तरीही मागे टेकडी नसलेल्या दिशेला मारू नका. क्षितिजावर उभा प्राणी सोडून द्या.

शिशाच्या गोळ्यांचा प्रश्न काय आहे?

मेलेले प्राणी गरुड आणि ससाणे खातात, आणि फुटलेल्या गोळीचे बारीक शिशाचे कण त्यांच्या पोटात जातात. विषबाधेने पक्षी मरतात, हे गांभीर्याने घ्या. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं नसलेल्याच गोळ्या लागतात, खारींसाठीसुद्धा. हॉर्नेडीची एनटीएक्स आणि बार्न्सची वार्मिंट ग्रेनेड हे पर्याय आहेत. त्या वजनाच्या मानाने लांब असतात, म्हणून घेण्याआधी उत्पादकाने सांगितलेला पीळ तुमच्या नळीशी जुळवून पाहा.

कुठे आणि काय मारू नये?

यूटा प्रेअरी डॉग ही जात संघीय संरक्षणाखाली आहे. तिला हात लावायचा नाही. साउथ डकोटातल्या कोनाटा बेसिनमध्ये काळ्या पायांचं फेरेट राहतं. जगातून नष्ट झालं असं वाटलेलं हे जनावर १९८१ मध्ये वायोमिंगमधल्या मीटीट्सीजवळ पुन्हा सापडलं, आणि त्याचं अन्न प्रेअरी डॉग हेच. तिथे मारायला बंदी आहे. अनेक सार्वजनिक जमिनींवर पिलांच्या काळातही बंदी असते, त्या वर्षीचा नियम राज्याच्या वन्यजीव विभागाकडे पाहा.

बिळाच्या तोंडाशी दिवसा उभं राहणारं लांब पायांचं, गोल डोक्याचं छोटं घुबड दिसलं तर ते बिळातलं घुबड, संरक्षित पक्षी. लांबून, मिराजमध्ये ते प्रेअरी डॉगसारखंच भासतं. डोकं वळवतं का ते पाहा. खात्री नसेल तर बोट चापाबाहेर.

मेलेल्या प्राण्यांना हात लावू नका, कुत्र्यांना जवळ जाऊ देऊ नका. या वसाहतींत प्लेगची साथ येते आणि पिसवांतून ती माणसाला होऊ शकते.

कानांसाठी काय?

आत बोळे आणि वरून मफ, दोन्ही, प्रत्येक गोळीला. मझल ब्रेक (धक्का कमी करणारा, पण आवाज बाजूला फेकणारा तोंडावरचा भाग) लावलेली रायफल शेजारी असेल तर दोन टेबलांत अंतर वाढवा.

एच-१बी वर असलेल्यांना हे करता येतं का?

संघीय कायद्याने व्हिसावरच्या बिगर-स्थलांतरितांना बंदूक आणि काडतुसं बाळगायला सामान्यतः मनाई आहे. वैध हंटिंग लायसन्स किंवा परमिट हा त्यातला प्रमुख अपवाद. राज्यांचे नियम आणखी वेगळे असतात, आणि चूक झाली तर व्हिसाच धोक्यात येतो. मित्राची रायफल हातात घेण्याआधीसुद्धा वकिलाला विचारा. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही.

भारतात असं काही करता येईल का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरांसारख्या प्राण्यांबाबतही अधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय काही करता येत नाही. नेमबाजीची हौस असेल तर जिल्हा रायफल असोसिएशनच्या रेंजवर .२२ पासून सुरुवात करा.